वाटणीआधी वावर पाहा



  आजचा विषय असा: घरच्या शेताचे पुढे काय करायचे, हे कोणी, केव्हा आणि काय पाहून ठरवायचे?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे बहुधा तेरवीनंतर ठरते. पाहुणे पांगतात, मांडव उतरतो आणि थोरला मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जातो. वारसांची नावे गाव नमुना सहा-क मध्ये चढतात, फेरफार पडतो, नोटिशीचे १५ दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर एक नाव होते तिथे सहा येतात. सगळे रीतसर. पण या खटाटोपात एकदाही कोणी वावरात जाऊन उभे राहत नाही. उतार कुठून कुठे आहे, पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरते आणि कुठून निघते, वरच्या अंगाला बरड किती, खाली काळी किती, हे विचारणारा रकाना वारसनोंदीच्या कोणत्याच नमुन्यात नाही. माझा व्यवसाय वकिलीचा, त्यातही तहसील आणि उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दारातला. तिथे पाहिलेली बरीच भांडणे या न विचारलेल्या प्रश्नांतूनच उपजली होती. म्हणून कायद्याकडे येणार असलो तरी सुरुवात मातीपासून करतो.

एक वावर डोळ्यांसमोर आणा. दारव्हा-दिग्रसकडे असे कुठेही दिसेल. क्षेत्र ९ एकर. वरच्या टोकाला पांदण, खालच्या टोकाला नाला, मध्ये ३०० मीटरचा उतार. रुंदी १२० मीटर. वर मुरमाड बरड, मधे मध्यम जमीन, नाल्याकाठी कंबरभर काळी. बाप गेला, मागे तीन भाऊ. वाटणी कशी करायची? आडवी केली तर वरच्याच्या नशिबी नुसती बरड, आणि खालच्याला रस्ता नाही. कोण कबूल होईल? म्हणून पंच उभी वाटणी करतात. पांदणीपासून नाल्यापर्यंत तीन पट्ट्या, प्रत्येकी ४० मीटर रुंद. प्रत्येकाला थोडी बरड, थोडी काळी. प्रत्येकाला वर रस्ता, खाली पाणी. न्याय म्हणून बोट ठेवायला जागा नाही, आणि पंच समाधानाने चहा पिऊन उठतात.

आता पुढच्या हंगामात काय होते ते पाहा. ४० मीटरच्या पट्टीत आडवा वखर कोण घालणार? चार पावले गेले की बैल वळवायचे. ट्रॅक्टर असेल तर वळायलाच दोन्ही धुऱ्यांकडची जागा जाते, आणि भाड्याचा ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो. तेव्हा पेरणी लांबीच्या बाजूने होते, म्हणजे थेट उतारावरून खाली. पऱ्हाटीचे प्रत्येक तास ही पावसाला काढून दिलेली नाली. आपल्याकडे पाऊस वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराच मोजक्या दणक्यांत येतो. पऱ्हाटी वीतभर असताना, जमीन उघडी असताना, असा एक दणका बसला की वरची माती तासातासाने उतरते आणि नाल्याला लागते. बरड आणखी बरड होते, नाला भरतो, आणि काठच्या काळीत पाणी साचून पीक पिवळे पडते. तिघांचेही नुकसान होते आणि तिघेही पावसाला दोष देतात.

उताराला आडवी मशागत करा, हे कृषी सहायक सांगतो, अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगते. शेतकऱ्याला ते कळत नाही असे मानणे हा शहरी अहंकार आहे. त्याला कळते. त्याच्या पट्टीचा आकार ते करू देत नाही. आणि ही झाली पहिली पिढी. या तिघांना दोन-दोन मुलगे झाले की पट्टी २० मीटरवर येते. दोन धुऱ्यांच्या जागी पाच होतात, आणि प्रत्येक धुरा दोन्ही अंगांनी कोरला जातो. आधी धुऱ्यावरचा बाभूळ जातो, कारण सावली धरतो. मग पळस, मग बोर. शेवटी धुराच इतका बारीक होतो की त्यावरून माणूस चालू शकत नाही, आणि मग मोजणीचा अर्ज, पोलीस ठाणे आणि आम्ही वकील.

या जागी काही घरांनी वेगळे केले आहे. वाटणी आडवीच केली, पण क्षेत्राने नव्हे, मोलाने. बरडवाल्याला चार एकर, मधल्याला तीन, काळीवाल्याला दोन, आणि एका बाजूने बंडी जाईल अशी वाट तिघांनी मिळून सोडली. हा शोध आजचा नाही. इंग्रजी अमदानीत भूमापन झाले तेव्हा मातीची प्रत आण्यांत लावत. सातबाऱ्यावर क्षेत्राशेजारी 'आकार' म्हणून जी रुपया-पैशांतली रक्कम दिसते ती त्याच हिशेबाची उरलेली खूण आहे. एकर आणि एकर सारखा नसतो, हे आपल्या कागदालाही ठाऊक आहे. वाटणीच्या बैठकीत मात्र सगळ्यांचे डोळे क्षेत्राच्या रकान्यावर असतात.

तुकडे पडण्याचा हा रोग जुना. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिथे सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि तीही विखुरलेल्या तुकड्यांत. (त्या गावाचे पुढे काय झाले ते हिंजवडीला नोकरी करणाऱ्या तुमच्या मुलांना विचारा. त्यांतली काही तिथल्याच इमारतीत भाड्याने राहत असतील.) साऱ्या महाराष्ट्राचे पाहायचे तर कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली.

सरकारने काही केले नाही असे नाही. वरून कमाल जमीन धारणा कायदा आणला, १९६१ चा. त्या वेळचे महसूलमंत्री आपल्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. पुढे १९७५ च्या दुरुस्तीने मर्यादा खाली आणली: बारमाही ओलिताला १८ एकर, कोरडवाहूला ५४ एकर. मोठ्या जमीनदारांनी कशी पळवाट काढली हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि किसानपुत्र आंदोलनासारखे लोक हा कायदाच रद्द करा म्हणतात तोही वाद मोठा आहे. मी एवढेच म्हणेन की आज ५४ एकरांची अडचण जिल्ह्यातल्या फार थोड्या घरांना उरली आहे. सीलिंगचे काम वाटण्यांनीच करून टाकले.

खालून आळा घालायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा. त्यातले प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये राज्याने जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरवले. त्याखालचा तुकडा वाटून वेगळा काढता येत नाही. हेतू चांगला. पण कायद्याने तुकडा पाडू दिला नाही म्हणून भाऊ एकत्र नांदू लागले, असे झालेले मला दिसलेले नाही. झाले ते असे की वावरात धुरे पडले आणि कागदावर नावे सामाईक राहिली. एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे. त्यातला एक सुरतला, एक मयत, एक अज्ञान, दोन बहिणींची सासरची आडनावे चुकलेली. पीककर्जाला संमती हवी, विम्याला क्षेत्र जुळत नाही, विहिरीच्या अनुदानाला स्वतंत्र उतारा मागतात. जो खरोखर वखर धरतो, त्याच्याच हातात कागद नसतो.

यावर उपाय महसूल अधिनियमाच्या कलम ८५ मध्ये आहे. सगळे सहधारक राजी असतील तर तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होते. वाटणीपत्र नोंदवायचे तर शेतजमिनीला मुद्रांक १०० रुपयांचा, आणि २०२५ मध्ये राज्याने नोंदणी शुल्कही माफ केले. म्हणजे अडचण पैशांची नाही. सगळ्यांना एका दिवशी एका ठिकाणी बसवणे, ही अडचण आहे. तोंडी वाटणीला वीस-वीस वर्षे होतात आणि कागद होत नाही, कारण कागद करायचा म्हटले की बहिणींना बोलवावे लागते.

आता बहिणींकडे येतो.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये, २२ जूनपासून, हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची, तिने तो भेद काढला. बाप त्या दिवशी हयात हवा की नको यावर कोर्टाकोर्टांत पंधरा वर्षे घोळ झाला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात तो संपवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही. कायदा इथे स्वच्छ आहे. व्यवहार असा की फेरफारात बहिणीचे नाव चढते आणि महिन्याभरात हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. बदल्यात साडीचोळी. तिला विचारले तर म्हणते, भाऊ आहे तर माहेर आहे. हे बोलणे खोटे नाही. तिच्या दृष्टीने ती जमीन देऊन येणे-जाणे विकत घेत असते, आणि हा सौदा तिने उघड्या डोळ्यांनी केला असेल तर मी कोण बोलणार? पण डोळे उघडे असतात का? रेल्वेला किंवा महामार्गाला वावर गेले आणि मोबदल्याचा आकडा कळला की त्याच बहिणी कोर्टात येतात. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेच्या भूसंपादनात आपल्या वकील मंडळींनी हे भरपूर पाहिले आहे. तेव्हा भाऊ म्हणतो बहीण लोभी झाली. ती लोभी झालेली नसते. सही केली त्या दिवशी तिला किंमत कोणी सांगितलीच नव्हती.

सुनेचे दुखणे याहून खोल. आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर ज्या शेतकरी आत्महत्यांमुळे गेले त्या मला इथे उगाळायच्या नाहीत. पण अशा घरातल्या बाईला विचारा, वावर कोणाच्या नावाने? सासऱ्याच्या. नवरा कसत होता, कर्ज त्याच्या डोक्यावर, उतारा बापाच्या नावे. तो गेला. ती राबते, पण बँकेच्या दारात ती कोणीच नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर कायद्याने तिला वाटा आहे, पण सासरा हयात आणि दीर घरात असताना तो मागायचा म्हणजे त्याच घरात राहून लढायचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली होती, नवऱ्याने हयातीत जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी तसे केले त्या गावी शरद जोशी स्वतः जात. शासनानेही १९९२ मध्ये परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. ती सोय आजही आहे. माझ्याकडे कागद करायला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला मी ती सांगतो. बरेच जण हसून विषय बदलतात.

आणि एक गोष्ट आपल्या सभांतून हमखास सुटते. मारेगाव, पांढरकवडा, घाटंजी, झरी या भागांत कोलाम, गोंड, परधान राहतात. हिंदू उत्तराधिकार कायदा कलम २(२) प्रमाणे अनुसूचित जमातींना लागूच नाही. त्यांची वारसाहक्काची रीत परंपरेची. परंपरा काय म्हणते हे सांगणारे बहुतेक पुरुष, तेव्हा मुलींना वाटा नाही असेच उत्तर यायचे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सांगितले की मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला समान वाटा द्यावा लागेल. कोलाम पोडावर हा निकाल किती पोचला, हे तिथल्या शिक्षकांना विचारावे. याच समाजाच्या जमिनीला महसूल अधिनियमाच्या ३६ आणि ३६-अ कलमांचे कुंपण आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला जात नाही. घराण्यात जमीन टिकावी म्हणून कायद्याने बांधलेली ती आपल्याकडची सर्वांत भक्कम भिंत, आणि मक्त्याच्या कच्च्या चिठ्ठीने तिला भोकेही सर्वांत जास्त पडतात.

इतका वेळ मी वाटा कोणाला यावर बोललो. माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. कोणाला किती, हे ठरवण्याआधी काय वाटायचे नाही, हे ठरवा.

विहीर वाटता येत नाही. तीन भावांत एक विहीर असेल तर पाण्याची पाळी असते, आणि ती तोंडी असते तोवर बापाच्या धाकाने चालते. चुलतभावांच्या पिढीत मोटर जळते, स्टार्टर फुटतो, कोणी तरी केबल कापतो. वाट वाटता येत नाही. नाला वाटता येत नाही. नाल्याचा काठ एकाने बांधला आणि दुसऱ्याने नांगरला तर पूर नांगरलेल्या जागेतून आत येतो आणि बांधलेल्याच्या मागून बाहेर पडतो. धुऱ्यावरचा महू तर मुळीच वाटता येत नाही. त्याला तोडून पैसे वाटता येतात इतकेच.

या गोष्टी सामाईक ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. वाटणीपत्रात एक परिशिष्ट जोडायचे. नकाशावर विहीर, वाट, पाण्याचा मार्ग, आडवे बांध आणि ठेवायची झाडे दाखवायची. विहिरीत कोणाचा किती हिस्सा, पाळी कशी, दुरुस्तीचा खर्च कसा, वाट किती फूट, नाल्याकाठची किती जागा कोणी नांगरायची नाही, हे लिहायचे. मग विहिरीचा हिस्सा आणि वाट सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात चढवून घ्यायची. तो रकाना आपण फक्त बँकेच्या बोज्यासाठी असतो असे समजतो. शेतरस्त्यांची नोंद त्याच रकान्यात घ्यायचे अलीकडे शासनानेही ठरवले आहे. वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आहे, नसलेली वाट मागायची तर महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे. पण तिथवर गेलात की दोन-चार हंगाम गेलेच म्हणून समजा.

जमीन, पाणी आणि झाडांना वेगळा हिस्सा देणे ही चैन वाटते, पाच एकरवाल्याला तर हमखास. म्हणून आपल्या यवतमाळचेच उदाहरण देतो. छोटी गुजरीचे सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सत्तरच्या दशकात शेती सुरू केली तेव्हा तेही सगळ्यांसारखे खत-औषधावर होते. उत्पन्न चढले, मग उतरले, खर्च उतरलाच नाही. नव्वदच्या दशकात त्यांनी रसायने सोडली. लोक त्यांच्याकडे गायी आणि शेणखत पाहायला जातात. मला त्यांच्या शेताचा नकाशा अधिक बोलका वाटतो. सगळ्या जमिनीवर पीक घ्यायचे नाही. काही जागा झाडांची, काही पाण्याची, काही गुरांची, आणि उरलेल्यात पीक. पीक नसलेली जागाच पिकाखालच्या जागेला पोसते, हा त्यामागचा हिशेब. आता अशा शेताची उद्या कोणी नेहमीच्या रीतीने पट्ट्या पाडून वाटणी केली तर झाडे एकाच्या पट्टीत जातील, तळे दुसऱ्याच्या, आणि तिसऱ्याला नुसते वावर मिळेल. झाडेवाला म्हणेल माझ्या वाट्यात पीकच येत नाही, आणि आरा बोलावील. मांडणी मोडायला एक पिढीही लागत नाही.

म्हणून काही शेतकरी विचारतात, आणि हा प्रश्न विचारणारा माणूस मला नेहमी आवडतो: वकीलसाहेब, मृत्युपत्रात लिहून ठेवतो की हे वावर कोणी विकू नये, आंबराई तोडू नये. चालेल का?

चालत नाही. मालकी पूर्ण द्यायची आणि वर 'विकू नये' म्हणायचे, तर ती अट कायद्यात टिकत नाही. अमुकच पद्धतीने वापरावे असे सांगितले तर तेही मुलावर बंधनकारक नाही, भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम १३८ हेच सांगते. आणि पिढ्यान्पिढ्या बांधून ठेवायचे तर त्याविरुद्ध वेगळा नियम आहे. मेलेल्या माणसाने जिवंतांच्या जमिनीवर कायमचा हात ठेवू नये, असे कायद्याचे मत आहे, आणि मला ते पटते. तुमच्या आजोबांनी १९४० मध्ये 'इथे ज्वारीच पेरावी' असे लिहून ठेवले असते तर?

अमेरिकेत वेगळी व्यवस्था आहे. तिथे शेतकरी जमीन स्वतःकडे ठेवून तिच्यावर घरे-कारखाने बांधण्याचा हक्क तेवढा कायमचा सोडून देतो. एखादी संस्था किंवा सरकार तो हक्क विकत घेते किंवा दान म्हणून स्वीकारते, करात सवलत मिळते, आणि पुढचा मालक कोणीही असो, बंधन जमिनीसोबत जाते. आपल्याकडे असा कायदा नाही. लोहारा, वाघापूर, वडगावकडची वावरे ज्या वेगाने ले-आऊट झाली ते पाहता तो असता तर बरे झाले असते असे वाटते. पण आपल्याकडे तो हक्क विकत घ्यायला पैसे कोण देणार, आणि पाळतो की नाही हे बघायला तलाठ्याला वेळ कुठला, हेही विचारावे लागेल.

तरी अटीची जमीन आपल्याला अगदीच अनोळखी नाही. शेजारच्या पवनारहून विनोबा निघाले आणि १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झाले. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात, म्हणून विदर्भातल्या भूदानाला १९५३ चा मध्य प्रदेशचा भूदान यज्ञ कायदा लागला. त्या जमिनीला वारस लागतो, पण ती विकता येत नाही. कल्पना सुंदर होती. आज या जमिनींच्या ज्या फायली तहसीलमध्ये धूळ खातात त्या पाहिल्या की कळते, अट लिहिणे सोपे, ती पाहणारा माणूस पिढ्यान्पिढ्या मिळणे कठीण.

मग हाती काय उरते? तीन गोष्टी उरतात, आणि त्यांतली कोणतीच पूर्ण नाही. पहिली, बायकोला तिच्या हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क आणि नंतर मुलांना मालकी, असे मृत्युपत्र. याने जमीन एक पिढी तरी एकसंध राहते आणि म्हातारीला कोणी घराबाहेर काढत नाही. दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण करा. दुसरी, सार्वजनिक न्यास. आंबराई, तळे, देवाची राई यांच्यासाठी ठीक. न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पण न्यास म्हणजे विश्वस्त, हिशेब, दरवर्षीचे कागद, आणि जमीन घराची राहत नाही. पाच एकरवाल्याने या भानगडीत पडू नये. तिसरी, मघाशी सांगितलेले परिशिष्ट. हयातीत, सगळ्यांच्या सह्यांनी. कायम टिकेल असे नाही, पण ज्याने सही केली त्याला निदान ते मोडताना सांगून मोडावे लागते.

झाडांच्या बाबतीत एक भीती मी जागोजाग ऐकतो. झाडे वाढू दिली की वनविभाग येईल, जमीन जाईल, तोडीला परवाना लागेल. सागाच्या बाबतीत परवाना आणि वाहतूक पासाची कटकट खरी आहे, आणि धुऱ्यावर साग लावणाऱ्या माणसाला सरकारने चोरासारखे वागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्या भीतीपोटी बोर-बाभळीवरही कुऱ्हाड चालते. मग उन्हाळ्यात बैल कुठे बांधायचे हा प्रश्न पडतो. म्हणजे ज्याच्याकडे अजून बैल आहेत त्याला.

टिपेश्वर अभयारण्याच्या भोवती गणित उलटे आहे. तिथे जंगलाला लागून असलेला वाटा कोणालाच नको असतो. रोही आणि रानडुकरे तूर ठेवत नाहीत, आणि २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवड्यात वाघिणीच्या दहशतीने लोक महिनोन्महिने एकटे वावरात गेले नाहीत, हे तुम्हाला आठवत असेल. अशा वावरात धाकट्याला जंगलाकडची पट्टी द्यायची आणि थोरल्याने गावाकडची घ्यायची, ही वाटणी क्षेत्राने समान आणि बाकी सर्व बाबतींत अन्यायाची. तिथेही मोलानेच वाटावे. जंगलाकडची जागा सामाईक गवताला ठेवली तर नुकसान सगळ्यांत विभागले जाते.

राहिला बाहेर गेलेला वारस. प्रत्येक घरात एक आहे. पुण्यात, हैदराबादला, एखादा परदेशात. तो वाईट नाही. दिवाळीला येतो, वावराचा फोटो काढतो, आणि जाताना विचारतो, मक्ता किती आला? ज्याने वर्षभर जागल केली त्याला हा प्रश्न झोंबतो. मला विचाराल तर बाहेरच्या वारसाला मक्ता मागायचा हक्क आहे, पण मक्त्याच्या शर्तीत माती आणणेही आले पाहिजे. जो एका वर्षापुरता घेतो तो गाळ टाकत नाही, बांध घालत नाही. त्याने का घालावा? भावाला द्यायचे तर पाच-सात वर्षांसाठी द्या, मक्ता थोडा कमी घ्या, आणि बदल्यात बांध व गाळ त्याच्याकडे लावा. हे लिहून ठेवा. भावाभावांत लिहायचे कशाला, असे म्हणणाऱ्यांचीच प्रकरणे माझ्या टेबलावर येतात.

आणि बाहेरच्याला विकायचेच असेल तर? मृत्युपत्र नसताना वारसाने आलेल्या जमिनीत, वर्ग एकच्या वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला तर इतरांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २२. ते शेतजमिनीला लागू आहे की नाही, यावर वाद होता. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाबूराम विरुद्ध संतोखसिंग या निकालात लागू आहे असे सांगितले. किमतीवर जुळले नाही तर ती न्यायालय ठरवते. हे कलम इथल्या खेड्यांत जवळजवळ कोणालाच माहीत नाही. प्लॉटवाल्यांना मात्र चांगले माहीत आहे, म्हणून ते बयाणा देताना आधी बाकीच्या भावांच्या संमतीच्या सह्या मागतात. अशी सही मागायला कोणी आले तर करण्यापूर्वी सात दिवस घ्या, उतारा काढा, आणि विकणाऱ्या भावाशी स्वतः बोला. त्याला बाहेरचा जितके देतो तितके एकरकमी देणे तुम्हाला जमणार नाही. हप्त्यांनी जमेल का, एवढे विचारा. बऱ्याचदा तो हो म्हणतो, कारण तोवर त्याला कोणी विचारलेलेच नसते.